लोरेनची श्रोती

समोरच्याचे हात कामात असल्याशिवाय आमची शेजारीण लोरेन त्याला कविता ऐकवत नसे. रिकाम्या हातांची माणसं तोंडदेखलं कौतुक करतात, असं तिचं मत. खिडक्या पुसणारा, बॉयलर दुरुस्त करणारा, इस्त्री करणारी असं कुणीतरी तिला लागे. ऐकताना हात थांबले तर ओळ टिकली. चालूच राहिले तर "ही ओळ गेली, हनी" म्हणत ती तिथल्या तिथे पेन्सिलीने काट मारायची. कवींना मात्र ती चुकूनही काही ऐकवत नसे. ते म्हणे आपली पाळी कधी येते याचीच वाट बघत असतात.

लोरेन मूळची अमेरिकेतली, ओहायोकडची. वॉल्टर नावाच्या इंग्रज माणसाशी लग्न करून इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात आली आणि इथलीच झाली. फक्त चहा ती भर जानेवारीतही बर्फ घालून प्यायची. आमच्या गल्लीने तिची कविता खपवून घेतली, चहा नाही. तिची तीन-चार पुस्तकं निघाली होती, सगळी लग्नपत्रिकेएवढी बारीक. इतकी काटाकाटी केल्यावर दुसरं काय होणार? मी तिच्या शेजारी राहायला आले, त्याच्या आदल्या वर्षी वॉल्टर गेला होता. त्याचा कोट अजून तिच्या हॉलमध्ये टांगलेला होता. कवितांमध्ये तो कुठेच नव्हता, आणि विचारायची माझी छाती नव्हती.

मी सॉफ्टवेअरवाली. माझे हात की-बोर्डवर असताना तिने एकदा प्रयोग करून पाहिला. हात शेवटपर्यंत थांबले नाहीत आणि अख्खी कविता गेली. माझी डेडलाइन होती हे काही तिला पटलं नाही. तिने मला कायमचं बाद केलं.

मग एका उन्हाळ्यात माझी आई व्हिजिटर व्हिसावर पुण्याहून आली. आईचे हात रिकामे असे कधी नसतातच. आमच्या बागेत ती मटार सोलत बसलेली दिसली आणि लोरेन कागद घेऊन हजर. आईचं इंग्रजी थँक्यूपुरतं. मी मधे पडून तसं सांगितलं, तर लोरेन म्हणाली, उत्तमच की, म्हणजे ती भिडेखातर थांबायची नाही.

दर शनिवारी हा कार्यक्रम ठरूनच गेला. थंडी पडल्यावर तो बागेतून स्वयंपाकघरात आला. आवाज मनाला भिडला की आई थांबायची, नाही तर खुशाल सोलत राहायची. मेथीच्या एका जुडीने लोरेनची दोन पानी कविता खाल्ली. "या बाईचं घरचं कुणी नाही का गं?" आईने मला विचारलं. मी वॉल्टरचं सांगितलं. पुढच्या शनिवारपासून आई निवडायला जरा जास्तच भाजी घ्यायला लागली.

व्हिसा संपला, आई परत गेली. त्यानंतर शनिवारी लोरेन कुंपणापाशी यायची, हवेबद्दल बोलायची आणि आत जायची. हातात कागद दिसेना. पुस्तकाचं काम थांबलंय, एवढंच एकदा म्हणाली. मला तिची काळजी वाटायला लागली होती, पण मी पडले बाद झालेली. मी काय करणार?

एका शनिवारी सकाळी ती दारात उभी राहिली. "तुझ्या आईला फोन लाव."

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेलं भारतात बोलायचं फोनकार्ड खरवडून त्यावरचा पिन काढला, नंबर फिरवला, स्पीकर लावला. आईला म्हटलं, लोरेन आलीय, काहीतरी निवडायला घे.

"घेते. वाच म्हणावं तिला."

लोरेनने कागद आणलाच नव्हता.

"तिला सांग, आज कविता नाही," ती म्हणाली. "वॉल्टर गेल्यापासून माझं घरात कुणाशी बोलणं होत नाही. शनिवारचं तेवढं होतं."

मी ते आईला मराठीत सांगितलं. मला फार वाईट वाटत होतं. कुंपणाच्या अलीकडे मी रोजच तर होते.

"मग नुसतं बोल म्हणावं," आई म्हणाली. "मी बसलेय."

लोरेन खुर्चीत बसली आणि वॉल्टरबद्दल बोलायला लागली. त्याचं गाडी चालवताना गुणगुणणं, त्याचे हट्ट, हॉस्पिटलमधली शेवटची दुपार. आईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण ती तिकडून प्रत्येक वाक्याला "हं" म्हणत होती. कार्डावर थोडीच मिनिटं उरली होती. मी कोट अंगावर टाकला आणि दुसरं कार्ड आणायला पळाले.