सासऱ्यांच्या टाळूवरचं मोहोळ

मधमाश्यांना मी म्हणेन तिथे आणून बसवीन, असं मी जेवताना सासरेबुवांना सांगितलं आणि माझ्या बायकोला ठसका लागला. तिला पाणी देत मी बोलणं पुढे रेटलं, कारण प्रश्न माझ्या अब्रूचा होता. सासरेबुवा म्हणजे जन्मभर लोकांचे कोट शिवलेला माणूस. शिवलेला कोट दिसतो, अंगावर चढतो. जावई प्रयोगशाळेत बसून नेमकं काय करतो, हे मात्र त्यांना लग्नापासून उमगलेलं नव्हतं. शेजाऱ्यांनी विचारलं, की "वास घेतात" एवढंच ते सांगत.

तसं ते खोटं नव्हतं. आमच्याकडे सिट्रल नावाच्या पदार्थावर काम चालतं. लिंबाच्या सालीतल्या तेलात तो असतो. आमचा मात्र कारखान्यात बनलेला, त्याने लिंबाचं तोंडही पाहिलेलं नाही! गंमत अशी, की मधमाश्या स्वतःच्या अंगातून साधारण असाच वास सोडून एकमेकींना बोलावतात: या गं, आम्ही इथे आहोत. पोळ्यात दाटी झाली की राणीमाशी निम्मं गोकुळ घेऊन नवं घर शोधायला निघते. अशा वेळी रिकाम्या लाकडी पेटीला सिट्रल लावून ठेवलं, तर हा गोतावळा आपणहून आत शिरतो का, हे आम्ही तपासत होतो. आजवर एकदाही शिरला नव्हता. हे मी सासरेबुवांना सांगितलं नाही. जावयाने सगळंच सांगायचं नसतं.

त्यांना वास दाखवायला मी एक छोटी बाटली आणली होती, साध्या तेलात थोडं सिट्रल मिसळलेली. ती त्यांच्या हातात देतोय, तोच आमच्या प्रमुख बाईंचा फोन आला. प्रयोगशाळेच्या अंगणातल्या पोळ्यात हालचाल वाढलीय, उद्या ऊन तापलं की माश्या बाहेर पडणार, वेळेवर या, असं त्या म्हणाल्या. मी हरखलो. सासरेबुवांना उद्या प्रयोग बघायला चला म्हणालो आणि या गडबडीत बाटली विसरलो.

सासरेबुवा विसरले नाहीत. जावयाने काही न बोलता सुवासिक तेलाची बाटली हातात ठेवली, याचा कोणत्याही सासऱ्याने काढावा तोच अर्थ त्यांनी काढला. सकाळी अंघोळ उरकली, आणि भांग पाडण्याइतके केस नव्हते म्हणून सगळं तेल टाळूवर जिरवलं. बायकोला घमघमाट आला, पण तिला वाटलं, माझ्याच कपड्यांचा असेल, नेहमीचाच. आणि मला? माझं नाक या वासाला इतकं सरावलंय, की लिंबाच्या बागेत कोंडलं तरी मी विचारीन, इथे काय पिकतं?

प्रयोगशाळेच्या अंगणात सासरेबुवांना सावलीत खुर्ची दिली आणि पेटीजवळ उभं राहून मी व्याख्यान सुरू केलं. ऊन चढलं तसा पोळ्यातून माश्यांचा लोंढा बाहेर पडला. अंगणभर काळा ढग घोंगावू लागला. मी नाटकातल्या सूत्रधारासारखा पेटीकडे हात केला. ढग पेटीपर्यंत आला. थबकला. मग पेटीला वळसा घालून, चुकलेल्या पाहुण्याला एकदाचा पत्ता सापडावा तसा, थेट खुर्चीकडे गेला.

बघता बघता सासरेबुवांच्या डोक्याला माश्यांची टोपी चढली. टोपी कानांवर उतरली. मग दाढी फुटली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. घर बदलायला निघालेल्या माश्या पोटभर मध पिऊन निघतात, सहसा डसत नाहीत, हे मी कितीतरी पाहुण्यांना सांगितलं होतं. पण ते पाहुणे माझ्या बायकोचे वडील नव्हते. यांना काही झालं, तर मी घरी कोणतं तोंड घेऊन जाणार होतो? मी जवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "बाबा, हलू नका. काही करत नाहीत त्या."

ओठ न हलवता ते म्हणाले, "मी हलत नाहीये. तुम्ही थरथरताय."

खरंच होतं. त्या थरथरण्याने एक माशी चिडली आणि माझ्या नाकाच्या शेंड्यावर डसली. दिवसभरात डसलेली ती एकटीच!

तेवढ्यात बाई धावत आल्या. आता नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. पण बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उजळला होता. डोक्याला काय लावलंय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सासरेबुवांनी ओठांच्या फटीतून जावयाच्या प्रेमळ भेटीची हकीकत सांगितली. मी जमिनीकडे बघत होतो. बाईंनी त्यांच्या कानामागे राणीमाशी शोधून काढली, अलगद एका जाळीच्या डबीत घेतली आणि ती डबी पेटीत ठेवली. मग हळूहळू राणीच्या मागोमाग टोपी, दाढी, कल्ले, सगळा संसार उठून पेटीत गेला. तोवर सासरेबुवा कोटाचं माप देणाऱ्या गिऱ्हाइकासारखे निश्चल बसून होते.

नंतर बाईंनी स्वतःच्या खोलीत त्यांना चहा दिला. मला त्या खोलीत आजवर कधी चहा मिळालेला नाही. सिट्रल उत्तम काम करतं, खोट आमच्या पेटीत आहे, असं त्या आनंदाने सांगत होत्या. फक्त एकदा घडलेल्या गोष्टीवर विसंबता येत नाही, प्रयोग पुन्हा करायला हवा, तर आपण पुन्हा याल का, असं त्यांनी अदबीने विचारलं. सासरेबुवांनी रुमालाने टाळू नीट पुसली आणि उलट विचारलं, की या माश्यांना घर लागतं तरी कसं? बाई म्हणाल्या, कोरडं, काळोखं आणि आतून पूर्ण रिकामं.

"मग माझं कशाला?" सासरेबुवा म्हणाले. "जावईबापूंचं डोकं आहे की."

मी सुजलेल्या नाकाने हसलो. बाईही हसतील, असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवून त्या उठल्या आणि माझ्या डोक्याकडे, मागून, पुढून, फार वेळ बघत राहिल्या.