आधी हवेचं बघ!

"बोटीचं इंजिन म्हणजे घरचं पोर समजायचं! नुसतं खोकलं तरी आपल्याला कळतं, दुखतंय कुठं ते!"

सकाळी सकाळी धक्क्यावर उभा राहून कप्तान हे सगळ्यांना ऐकवत होता. आता कप्तान म्हणजे काही खरा कप्तान नव्हे, बरं का! गड्याने एक जुनी बोट घेतली, डोक्यावर पांढरी टोपी चढवली, आणि लोकांनी गमतीने कप्तान म्हणायला सुरुवात केली. याने ते मनावर घेतलं!

त्या दिवशी दुपारी बंदरातले साहेब बोटीची चाचणी घ्यायला यायचे होते. बोट पूर्ण वेगात पलीकडच्या काठाला गेली, तर प्रवासी न्यायचा परवाना कप्तानाचा. वाटेत रखडली, तर त्याच्या साडूचा. धक्क्यावरून एकाच बोटीला परवानगी होती, आणि साडूची चकचकीत बोट शेजारीच बांधलेली होती. साडू तिच्यात पाय पसरून, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघावी तसा बसला होता.

"अहो, एकदा फिटरला दाखवून घ्या की," बायको म्हणाली.

"फिटर? त्याला कालच तोंडावर सांगून आलोय, बाबा रे, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही!"

"झालं! म्हणजे आता नक्की अडणार."

सासूबाई दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि आल्या त्या राहिल्याच होत्या. त्यांचं घर पलीकडच्या काठाला. कप्तानाने मनातल्या मनात हिशेब मांडला होता, एका फेरीत दोन कामं! परवाना आणायचा आणि सासूबाई पोचवायच्या.

तर तिघं निघाले रंगीत तालमीला. चाक आणि रेसचा दांडा पुढे बायकोकडे. कारण कप्तानाला मागे इंजिनापाशी उभं राहून कान लावायचा होता. सासूबाई मागच्या फळीवर, नाकाला पदर लावून, पायाशी पेट्रोलची टाकी.

सुरुवातीला इंजिन काय गोड चाललं! मांजर मांडीवर घुरघुरावं तसं.

"बघितलंत सासूबाई? आता गंमत बघा. दे गं रेस!"

बायकोने दांडा पुढे ढकलला. इंजिनाने एक गर्जना केली आणि पुढच्या क्षणी घोग घोग घोग करत असं मान टाकून बसलं, की जणू त्याला कुणी कामाला जा म्हटलं होतं!

"रेस कमी का केलीस?"

"मी कशाला कमी करू? दांडा पार टोकाला आहे!"

कमी केली की गोड. वाढवली की रडारड. कप्तानाने बोट धक्क्याला आणली. सासूबाईंना खाली उतरवलं आणि लागला इंजिन उसवायला. प्लग काढले, पुसले, लावले. फिल्टर धुतला. पंख्यात काही गुंतलंय का म्हणून गुडघाभर पाण्यात उतरला. टाकीचं झाकण काढून पेट्रोल बघितलं, गळ्यापर्यंत भरलेलं! झाकण लावलं, बोट रिकामीच फिरवली. आणि काय सांगू, बाण सुटल्यासारखी पळाली!

"बसा सासूबाई!"

सासूबाई बसल्या. बोट जरा लांब गेली आणि पुन्हा घोग घोग घोग!

उतरा सासूबाई. प्लग बघ, झाकण काढून पेट्रोल बघ. बोट सुसाट! बसा सासूबाई. घोग घोग!

कप्तानाच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे त्याला तरी तसं वाटलं. त्याने बायकोला बाजूला घेतलं.

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्या आईचं वजन इंजिनाला झेपत नाहीये."

"माझ्या आईचं? पंखा जोरात लावला तर तिला धरून ठेवावं लागतं!"

खात्री करायला म्हणून कप्तानाने सासूबाईंच्या जागी वाळूची दोन पोती ठेवली. झाकण काढून पेट्रोल बघितलं, लावलं. बोट सुसाट!

"वजन नाही," कप्तान घाम पुसत म्हणाला. "मग पायगुणच म्हणायचा!"

हे सासूबाईंनी ऐकलं. त्यांचे कान या वयातही असे तिखट, की मनात म्हटलेलंसुद्धा ऐकू यावं.

"जावईबापू, याच पायांनी तुमच्या घरात माझी लेक आणून सोडली मी! तेव्हा नाही आठवला पायगुण?"

साडू पलीकडून ओरडला, "तेव्हापासूनच घोग घोग चाललंय त्याचं!"

शेवटी नाइलाजाने कप्तानाने फिटरला फोन लावला. फिटर कुठल्यातरी भट्टीपाशी होता, मागे धाडधाड चाललेली. कप्तानाने ओरडून सगळं सांगितलं.

"हवा!" फिटर ओरडला.

"काय?"

"हवेचं बघ आधी! तुझी हवा... मोकळी कर! हवेपायीच मरतंय..."

कप्तान लालबुंद झाला. "माझी हवा? मी हवेत आहे होय रे? काल एक शब्द बोललो तर एवढं लागलं तुला? अडचणीच्या वेळी हवा काढतोस माझी?"

"अरे येड्या, हवा सोड...!"

"हवा सोड म्हणतो! इथं बायकामाणसं उभी आहेत!" कप्तानाने फोन बंद करून खिशात कोंबला. बायको म्हणाली, "तो दुसरंच काहीतरी सांगत असेल." पण अपमान झालेल्या माणसाला ऐकू कमी येतं.

तेवढ्यात साहेब आलेच! कडक इस्त्रीचे कपडे, कडक चेहरा.

कप्तानाने हात जोडले. "चला साहेब, आपण दोघं आणि ही. सासूबाई इथंच थांबतील, त्यांना बोट लागते."

"प्रवासी बोटीची चाचणी प्रवाशाशिवाय?" साहेब म्हणाले. "या आजी, बसा."

आजी अशा ठसक्यात येऊन बसल्या, की विचारू नका! निघण्यापूर्वी कप्तानाने सवयीने पेट्रोल बघून घेतलं. निम्म्या पाण्यापर्यंत बोट झकास पळाली. कप्तानाने टोपी सरळ केली. आणि घोग घोग घोग!

"हे काय?" साहेब म्हणाले.

"काही नाही साहेब, इंजिन जरा श्वास घेतंय. दे गं रेस! अजून दे! पार टोकाला ठेव आणि हात काढू नकोस!"

बोट गोगलगाईसारखी सरकत होती. तिकडे साडूने आपल्या बोटीचा दोर सोडलेला कप्तानाला स्पष्ट दिसला. परवाना चालला!

"आजी, बरं नाही का वाटत?" साहेबांनी विचारलं.

"या टाकीचा वास हो मेला," पदराआडून सासूबाई म्हणाल्या. "आमच्या जावयांना काही उघडलेलं नीट बंद करायची सवय नाही. झाकणावरचा तो बारका स्क्रू सदा ढिला. सकाळी बसल्याबरोबर मीच तो गच्च पिळून ठेवला, म्हणून निदान बसवतंय तरी!"

कप्तानाने झाकणाकडे बघितलं. स्क्रू गच्च!

तो हवेचा स्क्रू होता, मंडळी! तो उघडा असला तर टाकीत हवा शिरते आणि पेट्रोल बाहेर येतं. बंद केला, तर जोरात ओढणाऱ्या इंजिनाचा घसा कोरडा पडतो. झाकण काढलं की तेवढ्यापुरती हवा आत, म्हणून बोट थोडा वेळ सुसाट. फिटर बिचारा मघाशी ओरडून ओरडून हेच सांगत होता!

"सासूबाईऽऽ!" म्हणत कप्तान टाकीवर झेपावला. स्क्रू फिरवला. फस्स झालं. नळीतून पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी गोळा दोनदा दाबून तो विजयाने उठून उभा राहिला, "बघा साहेब, आता..."

रेसचा दांडा पार टोकाला होता. बायकोने हात काढला नव्हता. नवऱ्याची आज्ञा!

बोट उसळली आणि निघाली. कप्तान जिथे होता तिथेच राहिला, फक्त त्याच्या पायाखाली आता बोट नव्हती. बुडू नये म्हणून घालायचं त्याचं जॅकेट सासूबाईंच्या पाठीला उशी म्हणून दिलेलं होतं. बायकोने मागे वळून बघितलं तेव्हा पाण्यावर एक पांढरी टोपी आणि तिच्या शेजारी एक शिव्या देणारं डोकं दिसलं. साडूची बोट त्याच्याकडे निघालेली पाहून तिने निवांतपणे चाक सरळ केलं, पलीकडचा काठ गाठला आणि एक सुरेख वळण घेऊन तशीच परत आली.

कप्तानाला साडूने कॉलर धरून वर ओढलं होतं. ओला, थरथरत तो धक्क्यावर उभा होता तोवर बोट अलगद येऊन टेकली.

"खोट स्क्रूची होती, इंजिनाची नव्हे. बोट पास!" साहेब म्हणाले. "परवाना देतो. चालक म्हणून या बाईंचं नाव घालतो. छान चालवतात!"

"मग काय!" सासूबाई अजून फळीवरच होत्या. "आता लेकच चालवणार म्हटल्यावर मी कशाला उतरायची घाई करू? रोज येत-जात राहीन!"

"पण साहेब, मालक मी आहे!" कप्तान कळवळून म्हणाला. "ही चालवणार, तर मी बोटीत काय करायचं?"

साहेबांनी त्याच्याकडे डोक्यापासून बुटापर्यंत बघितलं. बुटातून पाणी गळत होतं.

"जॅकेट घालून बसायचं."