उणे चाळीस किलो

गुरुत्वाकर्षणाला न जुमानणारं क्षेत्र पृथ्वीतलावर सर्वप्रथम शहापूरला सापडलं. ते सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काम करी आणि रविवारी बंद असे. राईस मिलच्या वजनकाट्याची वेळही तीच होती.

काटाबाबू धनीराम सकाळी आठला यंत्राला उदबत्ती ओवाळत, शून्याची कळ दाबत आणि मागच्याच खोलीत, म्हणजे घरी, चहाला जात. दहाला परतले की रिकाम्या काट्यावर आकडा दिसे: उणे चाळीस किलो. आठवडाभर हेच. भरला ट्रक चाळीसनं कमी, रिकामाही चाळीसनं कमी. वजाबाकीत माल बरोबर निघे, म्हणून तक्रार कोणाचीच नव्हती. मोठमोठे शोध असेच तक्रारीअभावी मागे पडतात.

"नाकाडोंगरीकडून खाणीचे ट्रक येते ना," त्यांनी बायकोला समजावलं, "थ्या मँगनीजची धूळ काट्याच्या पत्र्याखाली जमली. जमिनीची ओढ उलटी करून राहिली थे."

चंद्रभागाबाई लाखोळी डाळीचे दाणे पाखडत होत्या. "मंग?"

"मंग असा पत्रा खाटेखाली लावाचा. मांगचं वजन काढून टाकाचं, पुढचं ठेवाचं. खाट पुढं घसरते. उतार असल्यावानी, पण उतार आपल्या संगंच चालते. सानगडी गावाले अर्ध्या घंट्यात."

"अन् थांबाचं कसं?"

"त्याचा इचार चालू आहे."

भंडाऱ्याला बीएस्सी करणारी दामिनी पुस्तकातून वर न पाहता म्हणाली, "बाबा, आमच्या सरांसमोर हे नोका बोलजा."

धनीराम दुखावले. "सरांलेच आण. खोटं निघालं तं या घरात विज्ञानाचं नाव काढणार नाही मी."

"उद्याच आणजो," चंद्रभागाबाई लगबगीनं म्हणाल्या.

त्याच दुपारी कोंडा न्यायला आलेल्या शकुनबाई सहज काट्यावर चढल्या. तिसऱ्या बाळंतपणापासून त्या ऐंशी किलोच्या होत्या. आकडा आला चाळीस. त्या कोंडा तिथंच टाकून गेल्या आणि अख्खा बचत गट घेऊन आल्या. सडपातळ रुखमा दहा किलो भरली, तेव्हा तिच्या सासूनं तिचा पदर घट्ट धरून ठेवला. मागे ट्रकवाला हॉर्न वाजवू लागला.

"थांब ना बाप्पा," शकुनबाई म्हणाल्या. "तुया ट्रक काय बारीक होऊन राहिला?"

संध्याकाळी त्यांनी दोन प्लेट भजी निर्धास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दहाला सर आले. पाहुणे येणार म्हणून चंद्रभागाबाईंनी पहाटेच काट्याचा पत्रा धुऊन वर रांगोळी घातली होती. यंत्रावर शून्य होतं. धनीरामांनी त्याला दोन टपल्या मारल्या. शून्यच. पुरावा म्हणून शकुनबाई चढल्या. ऐंशी.

शकुनबाईंनी सरांकडे रोखून पाहिलं. "हे मास्तर आले अन् माहं वजन वाढलं."

"एरवी सकाळी या पत्र्यावर काय असतं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही," धनीराम म्हणाले.

"लाखोळी असते," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "लोखंड तापते, चांगली वाळते. गाड्या यायच्या आंधी उचलतो मी. आज तुमी येणार म्हणून नाही पसरवली."

"किती असते?"

"एक पोतं. चाळीस किलो."

दामिनी महामार्गाकडे पाहू लागली. ती लाखोळी धनीराम रोज पाहत होते आणि तिच्यासकट शून्याची कळ दाबत होते. पण घरचं सामान वजनात धरायची त्यांना सवय नव्हती.

घरात विज्ञान बंद झालं. दोन दिवस धनीराम नुसते जेवले. चंद्रभागाबाईंना हवी होती तेवढी शांतता पहिल्याच दिवशी संपली, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच विचारलं, "थे खाट थांबाचं काही जमलं का जी?" धनीरामांनी मान हलवून फक्त भात मागितला.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला शकुनबाई मुलाच्या सायकलवर तेवढंच एक पोतं लादून आल्या. "चंद्रभागाबाई, माही बी लाखोळी वाळू दे वं इथं."

दोन पोती पत्र्यावर पसरली गेली. आठला धनीरामांनी उदबत्ती ओवाळली, बाहेर पाहिलं, आणि कळ दाबली. दहाच्या आत दोघींनी लाखोळी भरून घेतली. शकुनबाई पदर खोचून काट्यावर चढल्या.

"पावती द्या जी, काटाबाबू. घरी दाखवाची आहे."

धनीरामांनी दिलेला शब्द पाळला. विज्ञानाचं नाव न काढता त्यांनी पावती फाडली. गाडी नंबर: शकुनबाई. वजन: शून्य.