माशांचा कोर्स

डॉक्टरांच्या फिशटँकमधल्या पिवळ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, आणि डॉक्टर नेमके त्वचारोगाचे.

खाऱ्या पाण्याचा तो टँक दवाखान्यात येऊन जेमतेम बारा दिवस झाले होते. वेटिंग रूममध्ये बसलेले पेशंट एकमेकांच्या अंगावरचे चट्टे न्याहाळत बसतात, त्यापेक्षा मासे बघतील, असा डॉक्टरांचा हिशेब. पिवळा एक, नारिंगी दोन, तळाशी दोन झिंगे. दगड, वाळू, निळसर दिवा. स्वतः डॉक्टरच दोन पेशंटच्या मध्ये काहीतरी निमित्त काढून बाहेर येऊन टँकसमोर उभे राहत.

ठिपके पहिल्यांदा बाईंनी पाहिले. बाई म्हणजे निवृत्त शास्त्र शिक्षिका. हाताच्या खाजेसाठी तीन वर्षं येत होत्या, कारण खाज थांबली की मलम थांबवायचं हा त्यांचा नेम होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि डॉक्टरांना बाहेर बोलावून घेतलं.

"मीठ असेल अंगाला चिकटलेलं," डॉक्टर म्हणाले.

"मीठ पाण्यात विरघळतं, डॉक्टर," बाई शांतपणे म्हणाल्या. "आम्ही पाचवीतच शिकवायचो."

दुसऱ्या दिवशी नारिंगी जोडीवरही ठिपके आले. तिघंही दगडाला अंग घासायला लागले. मासे खाजवताहेत हे पाहून समोरच्या बाकावरचे पेशंट नकळत मान खाजवू लागले. एका गृहस्थांनी काउंटरवरच्या ताईंना हळूच विचारलं, की हे पसरतं का. ताई नाही म्हणाल्या, पण त्या जरा उशिरा म्हणाल्या. दुपारपर्यंत टँकजवळच्या खुर्च्या रिकाम्या आणि दारापाशी गर्दी. दोघांना तर नंबर यायच्या आतच घरून बोलावणी आली.

डॉक्टरांनी माशांच्या दुकानदाराला फोन लावला. किती दिवस झाले, खातात का, रात्री जास्त होतं का, असं सगळं त्यानं नीट विचारून घेतलं. मग म्हणाला, "मनानं काही औषध टाकलंत?"

हा प्रश्न डॉक्टर रोज चाळीस जणांना विचारत. त्याचं उत्तर द्यायची वेळ मात्र पहिलीच.

"थोडंसं," ते म्हणाले.

"सगळे थोडंसंच म्हणतात," दुकानदार म्हणाला, आणि उपाय सांगू लागला. मासे वेगळ्या टबात काढायचे. तिथे महिनाभर तांब्याचं औषध. टँकमध्ये ते घालायचं नाही, झिंगे मरतील. आणि टँक अडीच महिने माशांवाचून ठेवायचा, म्हणजे पाण्यातले रोगाचे किडे उपाशी मरतील.

मासे पकडण्यात दुपारचं जेवण गेलं, डॉक्टरांचा कोट खांद्यापर्यंत भिजला आणि ड्रेसिंगच्या खोलीत निळा टब आला. पाचव्या दिवशी मात्र जादू झाली. माशांची अंगं लख्ख. एकही ठिपका नाही. डॉक्टरांना आपल्या हाताचा गुण आला असं वाटलं. ताई म्हणाल्या, महिना सांगितलाय ना? पण वेटिंग रूममधल्या त्या रिकाम्या टँककडे लोक ज्या नजरेनं बघत, ती डॉक्टरांना सोसत नव्हती. सहाव्या दिवशी मासे टँकमध्ये परतले.

आठवड्यानं ठिपके पुन्हा उठले, आधीच्या दुप्पट.

या वेळी डॉक्टरांचे दोन्ही हात टँकमध्ये होते, म्हणून फोन ताईंनी स्पीकरवर धरला होता. समोर वेटिंग रूम गच्च भरलेली. दुकानदार चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"ठिपके गेले म्हणजे रोग गेला नाही, डॉक्टर. किडा अंगावरून गळतो, वाळूत वाढतो आणि परत येतो. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नसतं. कोर्स पूर्ण करायचा."



"मी हेच केलं की मला पंधरा मिनिटं बोलता," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांच्या कोपरांवरून खारं पाणी गळत होतं. त्यांनी ताईंकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. "चुकलं माझं," ते म्हणाले.

एवढ्यावर पेशंट निघून जातील असं त्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. दारापाशी बसणारे पुढे सरकले. कुणी जाळी धरली, कुणी टबाचं झाकण. ताईंनी काउंटरवर पाटी लावली: 'औषधाचा दिवस पहिला.' आकडा रोज बदलू लागला आणि येणारा प्रत्येक जण आधी तो वाचून मग स्वतःचं नाव सांगू लागला. औषध मध्येच सोडू नका, हे डॉक्टरांना कुणालाही सांगावं लागेना. ते वेटिंग रूममध्येच परस्पर सांगितलं जाई. माशांचा महिना पुरा झाला त्याच आठवड्यात बाईंची मलमाची ट्यूब तळापासून गुंडाळून संपली. पुढे टँकची मुदत संपेपर्यंत त्या नुसत्याच येत राहिल्या. हात स्वच्छ होते, पण त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

अडीच महिन्यांनी मासे टँकमध्ये परत आले. पिवळ्यानं एक चक्कर मारली आणि दगडाला अंग न घासता पुढे गेला. कुणीतरी हलकेच टाळी वाजवली.

डॉक्टर आत जाऊन बसले आणि त्यांनी बेल दाबली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. शेवटी ते बाहेर आले, तर सगळ्या खुर्च्या टँककडे फिरवलेल्या, आणि ताईसुद्धा काउंटर सोडून त्यातच बसलेल्या.

बाईंनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आम्हाला काही घाई नाही."