मुंगसाचा ताबा

रविवारच्या खेळात शरयू मोहितेच्या मुंगसाने आपला फासा आपणच टाकण्याचा हक्क मागितला, तेव्हा खांबेटेसरांनी आधी सगळ्यांना चहा संपवून घ्यायला सांगितलं.

खेळ तसा साधा. साताऱ्यात खांबेट्यांच्या जेवणाच्या टेबलावर भुयाराचा नकाशा पसरायचा. खांबेटेसर सूत्रधार, समोर कोणता राक्षस आला ते त्यांनी सांगायचं आणि बाकीच्यांनी फासे टाकून त्याच्याशी लढायचं. प्रत्येक खेळाडूला नियमाने एक जादूचा सोबती मिळतो. शरयू खेळात चेटकीण होती आणि तिच्या वाट्याला मुंगूस आलं होतं. आजवर ते नकाशावर बसायचं. आज ते खुर्चीवर बसलं होतं.

शरयूला हे फार लागलं. घरात नवरा, मुलगा, सासूबाई, एवढंच काय, गिझरसुद्धा तिचं ऐकत नसे. आठवड्यातून एकदा एक मुंगूस तिच्या शब्दासरशी उडी मारायचं, तेही आता हातचं जाणार होतं.

"सोबत्याला काय विचारायचं?" ती तणतणली. "ज्याचा सोबती, त्यानेच तो चालवायचा!"

"तसा सूत्रधारालाही चालवता येतो," खांबेटेसरांनी आपलं घोडं पुढे दामटलं.

"मला दोघांनीही आगीत पाठवलेलं आहे," मुंगूस म्हणालं. तक्रार म्हणून नव्हे, माहितीसाठी.

इरफान मुलाणी खेळात तलवारबाज आणि एरवी कोर्टात शिरस्तेदार. त्याने दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि मुंगसाला फासा पेलतो का, एवढंच विचारलं. मुंगसाने टाकून दाखवला. वीस पडले. वीस बाजूंच्या त्या फाशात वीस म्हणजे सगळ्यात मोठं दान. त्यापुढे वाद घालायची या टेबलावर पद्धत नव्हती.

"मुंगूस आजपासून खेळाडू," इरफान म्हणाला. "ताई, वाईट वाटून घेऊ नका."

"वाटणारच," शरयू म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

मुंगसाने पंजा वर केला. "मग मलाही नियमाने सोबती हवा. शरयूताई चालतील."

खांबेटेसरांनी नियम दोनदा वाचले. सोबती माणूस नसावा असं त्यांत कुठेही म्हटलेलं नव्हतं.

"आणि यांना चालवायचं कुणी?" त्यांनी विचारलं.

"ज्याचा सोबती, त्याने," इरफान म्हणाला. "ताईंचंच म्हणणं आहे."

 शरयू उठली आणि नकाशावर जाऊन बसली. गुडघे थोडे भुयाराबाहेर राहिले, पण त्याला कुणी हरकत घेतली नाही. मुंगूस डावीकडे म्हणालं की ती डावीकडे सरकायची, थांबा म्हणालं की थांबायची. दुपारभर तिला कसलाच विचार करावा लागला नाही. घरी जाताना तिला चक्क हलकं वाटत होतं, आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

घरी सुहास, म्हणजे तिचा नवरा, वाटच पाहत होता.

"शनिवारी आत्याकडे वास्तुशांत आहे. तू सकाळपासून मदतीला येणार म्हणून मी सांगून टाकलंय."

"मला नाही सांगता यायचं," शरयू चप्पल काढत म्हणाली. "मुंगसाला विचारावं लागेल."

सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला. सुहास सोफ्यावर जरा सावरून बसला.

"असं का," तो म्हणाला. "मग त्यांना फोन कधी केलेला चालेल?"