हायकोर्टाच्या नाण्याची बजावणी

गोंदियाच्या कोर्टाचा मी बेलिफ. मला चुकवून पळेल असा माणूस तिरोड्यापासून चिचगडपर्यंत जन्मला नव्हता! मी गावात शिरलो की कुत्रीसुद्धा भुंकायची नाहीत. आवाज जड करायचा, मिशीवरून हात फिरवायचा आणि "सरकारी काम!" म्हणून ओरडायचं. समोरचा पांढराफटक पडला की मला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

त्या साली हायकोर्टाचा वर्धापनदिन आला आणि नागपूरहून आमच्या साहेबांना चांदीचं नाणं आलं. एका बाजूला कोर्टाची इमारत, दुसऱ्या बाजूला तराजू. सोमवारी कोर्टात समारंभ, त्यासाठी मापाची सागवानी पेटी हवी. "दरेकसाचा बुधराम झकास करतो!" असं मीच फुशारकीनं बोललो आणि नाणं माझ्याच गळ्यात पडलं.

"माप देऊन परत आण," साहेब म्हणाले. "ओरखडा जरी उठला, तर तुझी नोकरी गेली!"

शनिवारी पॅसेंजरनं दरेकसाला उतरलो. बुधराम अंगणात रंधा मारत होता. मी सवयीनं आवाज जड केला आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.

"हायकोर्टाचं आहे! सोमवारी गोंदियाच्या कोर्टात यायचं! चूक नाही पाहिजे!"

पेटीचं काय ते पाणी पिऊन सांगू, म्हटलं. त्याच्या बायकोनं, फुलवंतानं, तांब्या आणून दिला. मी तो रिकामा करून खाली ठेवतो, तर अंगणात नुसता रंधा! बुधराम नाण्यासकट जंगलात पसार!

"काऊन पळाला तो?" मी ओरडलो.

"मंग का करन जी? तुमी भत्ता हातावर ठेवला न त्याच्या!"

साक्षीदाराला समन्स बजावताना आम्ही वाटखर्चाचा भत्ता हातावर ठेवतो. तो घेतला की साक्षीला जाणं आलं! बुधरामला वाटलं, खुद्द हायकोर्टानं त्याला साक्षीला ओढलं.

"अवो बाई, भत्ता नाही तो! पेटी करायची आहे, पेटी!"

"जंगलूबुढ्यालेबी असेच गोड बोलून साक्षीले नेले होते तुमी," फुलवंता म्हणाली. "त्याचा धान वावरातच रायला!"

मी जंगलाकडे धावलो. "बुधराऽम! भिऊ नको रे!" बेलिफ 'भिऊ नको' म्हणतो हे ऐकून उरलेलं गावही भ्यालं. पटापट दारं लागली. शेवटी रिकाम्या हातानं परतीची गाडी धरली.

रविवारी अन्न गोड लागेना. बायको, सुमित्राबाई, म्हणाली, "साहेबाले सांगून टाका न."

"सांगतो! आणि नोकरी गेल्यावर खायचं काय?"

गल्लीत कुणी खाकरलं तरी मला वाटे, साहेबांचा चपराशीच आला! भीती म्हणजे काय चीज असते, ते त्या दिवशी मला कळलं.

सोमवारी सकाळी दारावर ठकठक झाली. उघडलं, तर समोर बुधराम आणि त्याच्यामागे जंगलूबुढा अन् आणखी एक म्हातारा. आणि दारावर, बाहेरून, नाणं!

"हे काय रे?"

"बजावनी," बुधराम मागं सरत म्हणाला. "मी भत्ता नाई घेत जी. घेनारा नाई मनत असन, त दोन पंचाईसमोर दाराले चिकटवाचा. तुमीच करता न गावात? हे पाहा माहे पंच!"

पंचांनी मान डोलावली. मी तोंड उघडेपर्यंत तिघंही स्टेशनाच्या वाटेनं पळत सुटले.

मला रडूच आलं. नाणं वाचलं! मी ते ओढलं. हलेना. दोन्ही हातांनी ओढलं. हलेना! जंगलातली लाख तापवून चिकटवलेलं ते, कशाला हलतंय! सुमित्राबाईनं विळा आणला.

"ओरखडा पडेल!" मी किंचाळलो.

तिनं दिवा आणला. "काळं पडेल!" मी पुन्हा किंचाळलो. समारंभाची वेळ झाली होती. शेवटी बिजागऱ्या खोलल्या आणि दार डोक्यावर घेऊन निघालो.

घरमालक नंदलाल ओट्यावरून ओरडला, "अरे, किवाड कहाँ ले जा रहे हो?"

"हाईकोर्ट का है!" म्हणत मी पळत सुटलो.

कोर्टात सगळे वकील दाराकडे बघत राहिले. साहेब जवळ आले. नाण्यावरून बोट फिरवलं. मी डोळे मिटून घेतले.

"ओरखडा नाही," साहेब म्हणाले, आणि दाराला हार घातला. नोकरी वाचली! समारंभ झाला, पण साहेब कुणाला नाणं सोडवू देईनात, ओरखडा पडेल म्हणून! दार कोर्टातच राहिलं आणि आम्ही घराला गोणपाट लावला.

पंधरवड्यानं एक समन्स बजावणीला आलं. वादी नंदलाल, मागणी किवाडाची, प्रतिवादी मी! आणि गोंदियात बेलिफ मी एकटाच. ते घेऊन घरासमोर उभा राहिलो. घ्यायचं नाही, असं मनाशी पक्कं ठरवलं होतं. पण मग ते चिकटवू कशावर? गोणपाटावर?