आधी भाजी, मंग बीजगणित

आमच्या वानखडे सरांच्या वर्गात ‘हजर’ म्हटलेलं चालत नाही.

पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं. वर्ग फोनवरचा, व्हिडिओ कॉलवर, संध्याकाळी सातचा. नाव पुकारलं तशी मी घाईघाईने ‘हजर सर’ म्हणाले. तिकडून आवाज आला, “हजर तर तुहा फोनही हाये. भाजी कोणती केली ते सांग.” मला वाटलं, चुकून दुसरीकडेच कुठेतरी फोन लागला.

सर दारव्ह्याचे, गणिताचे निवृत्त मास्तर. ज्यांची शाळा अर्ध्यात सुटली त्यांना बाहेरून दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा आणि परीक्षेपर्यंत फुकट शिकवायचं, हा त्यांचा उद्योग. मी मारेगावकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्याच्या मागे सुरतेला आले. इथल्या शेजारणींशी बोलायला मला धड गुजराती येत नाही. घरात काय शिजलं हे मला त्या दिवसापर्यंत कोणी विचारलंच नव्हतं.

फोन सरळ धरणं सरांना जमत नाही. आम्हाला दिसतं ते त्यांचं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. गणित मांडीवरच्या पाटीवर. पाटी पुढे आली की कपाळही जातं. पण हजेरीचा नियम पक्का. “आधी भाजी, मंग बीजगणित.” ज्यांची भाजी एक निघाली त्यांची हप्ताभर जोडी. फोन करून गणितं मिळून सोडवायची. दारव्ह्यातच शिवणकाम करणारी रुबीना आणि मी, आमची आलू-वांग्यावर जमली ती आजवर सुटली नाही. आता आम्ही आदल्या दिवशीच ठरवून एक भाजी करतो. सरांना ते कळतं. “कॉपी करून राह्यल्या,” म्हणतात, “करू द्या.”

अडचण संतोषची होती. तो राळेगावचा, पुण्यात वॉचमन, एकटा राहणारा. रोज बेसन, म्हणजे पिठलं. त्याच्याशी कोणाची जोडीच जमेना. मग सरांनी गृहपाठ दिला, उद्या सगळ्यांनी बेसन करायचं. “पोरगा एकटा पडून राह्यला ना बाप्पा.” त्या हप्त्यात संतोषला इतके फोन गेले की शेवटी तो म्हणाला, सर, आता ड्यूटी करू द्या. माझ्या नवऱ्याने ताट पाहून विचारलं, तुमच्या सरचं पोट बिघडलं का?

मग सराव परीक्षा झाली आणि बीजगणिताचा पेपर मी जवळजवळ कोराच दिला. आपल्या डोक्यात हे शिरायचं नाही, असं ठरवून टाकलं. सात वाजले की फोन बंद. एवढ्या नावांत एक नाव नसलं तर कोणाचं काय अडतं.

अडलं. रुबीनाने नवऱ्याच्या नंबरावर मला गाठलं. “ताई, सर तुमच्या नावापाशी अडून बसते. सुनंदाची भाजी आली नाही म्हणते, पुढचं नाव घेत नाही. तुमच्यापायी आम्ही सगळे नुसता पंखा पाहून राह्यलो.”

त्या संध्याकाळी सातला मी फोन सुरू केला. माझं नाव आलं. मी खरं ते सांगितलं, आज काही केलं नाही सर, सकाळचीच पोळी आहे.

“तेच लिहितो,” सर म्हणाले. “उद्या काय करशीन?”

कोऱ्या पेपराबद्दल एक अक्षर नाही. मी म्हटलं, उद्या मेथी करीन. म्हणजे उद्या यावं लागणार, हे मला बोलून झाल्यावर कळलं.

त्या दिवशी वर्गभर माझं गणितात लक्ष नव्हतं. माझ्यासाठी सगळा वर्ग थांबवून ठेवणारं हे कपाळ स्वतः काय जेवतं, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. वर्ग सुटता सुटता मी भीत भीत विचारलं, “सर, तुमची भाजी?”

पंखा फिरत राहिला.

“मले कोण इचारते वं,” सर म्हणाले. “तुमची काकू गेल्यापासून मेसचा डबा येते.”

रुबीना म्हणाली, उघडून तर पाहा सर. झाकणाचा आवाज झाला. “वरण,” ते म्हणाले. “पातळ हाये.”

वर्ग सुटल्यावर संतोषने झाडून सगळ्यांना फोन केले.

दुसऱ्या दिवशी हजेरीत पहिलं नाव त्याचंच निघालं. “वरण, सर.” बेसन नाही म्हणून सर थबकले. पुढचं नाव, वरण. रुबीना, वरण. माझी पाळी आली. “वरण, सर. पातळच केलं.” मेथी तशीच टोपलीत राहिली होती.

कॉपी करून राह्यल्या, असं सर म्हणाले नाहीत. चष्मा काढायला गेले तसा फोन हलला आणि पहिल्यांदा त्यांचा अख्खा चेहरा आम्हाला दिसला. दाढीचे पांढरे खुंट, चष्म्याच्या दोन खुणा. शेवटचं नाव झालं. आता पाटी वर येईल म्हणून आम्ही वह्या उघडल्या. पाटी आली नाही.

“वानखडे,” सरांनी हळूच स्वतःचंच नाव पुकारलं.

संतोष म्हणाला, “भाजी सांगा, सर.”